माझा भाऊ पीत नाही

आधीच सांगून टाकते, माझा भाऊ पीत नाही. दारूचं सोडा, वरातीत पोरांनी बाटली फिरवायला सुरुवात केली की हा तिथून निघून बँडवाल्यांच्या जवळ जाऊन उभा राहतो. हे मी इतक्या लोकांना सांगितलंय की आता कुणी न विचारताच माझ्या तोंडून निघतं. परवा दुकानात एक बाई ब्लाउजचं माप द्यायला आली. तिनं नुसतं विचारलं, "भाऊ कसाय गं?" मी म्हणाले, "बराय, आणि पीत नाही." ती बिचारी माझ्याकडं बघतच राहिली.

नेवाशात माझं शिवणाचं दुकान आहे आणि सासरही तिथंच. माहेर जवळच, पाटाच्या कडेच्या एका खेड्यात. वडील लवकर गेले, त्यामुळं घरात आई आणि माझ्याहून बराच धाकटा भाऊ, दोघंच. भाऊ साखर कारखान्यात काट्यावर आहे. उसाचे ट्रॅक्टर, ट्रक आले की त्यांचं वजन करायचं आणि पावती द्यायची. हंगामात त्या केबिनमध्ये खुर्चीला चिकटून बसायचं, ड्रायव्हर मंडळी आणतील तो गोडमिट्ट चहा प्यायचा, वडापाव खायचा आणि घरी येऊन झोपायचं. पंचविशी ओलांडायच्या आत त्याचं पोट शर्टाच्या बटणांना ताण द्यायला लागलं. आई म्हणायची, "आता कुटं जरा अंगानं भरलाय." आमच्याकडं पोट सुटणं म्हणजे नोकरी लागल्याची खूण.

बारावीत असताना त्याला घसा धरून ताप आला. ताप गेला आणि पाठोपाठ अंगावर लाल चट्टे उठले. आधी बारीक होते, मग मोठे झाले, त्यांच्यावर पांढरे पापुद्रे धरायला लागले. कोपरं, गुडघे, पाठ, केसांची कड. थंडीत भेगा पडून रक्त यायचं. याला सोरायसिस म्हणतात हे आम्हाला उशिरा कळलं. तोवर कुणी गजकर्ण म्हणालं, कुणी नायटा. एका लांबच्या मावशीनं आवाज खाली करून भलतंच नाव घेतलं, तिला मी उंबऱ्यातूनच वाटेला लावली. हा रोग एकाचा दुसऱ्याला होत नाही, शिवल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही. हेही मी पुष्कळ लोकांना सांगितलंय, पण ते ऐकून लोक मान हलवतात आणि हात मागं घेतात.

भाऊ स्वतः कधी काही बोलला नाही. तो फक्त एप्रिल-मेमध्येही लांब बाह्यांचा शर्ट घालायचा, आणि काळा रंग अंगाला लावायचा नाही, कारण काळ्यावर पापुद्रे दिसतात. सकाळी उठला की आई उठायच्या आत स्वतःचं अंथरूण झाडायचा, खालची फरशी पुसून घ्यायचा. आई तेव्हा जागी असायची. डोळे मिटून पडून राहायची. त्याचं झाडून झालं की मग कूस बदलून, जांभई देऊन उठल्यासारखं करायची. हे मला तिनं एकदाच सांगितलं, तेही भाकरी थापता थापता, तोंड चुलीकडं करून.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर त्याची सोयरीक जमली. मुलगी जामखेडकडची. वडील एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, आई घरीच, आणि ही एकुलती एक, बालवाडीत शिकवणारी. बघण्याच्या कार्यक्रमात दोघं बाहेर ओट्यावर जरा वेळ बोलले आणि भाऊ आत आला तो कान लाल होऊन. मला कळलं, काम झालं. असा चेहरा मी त्याचा कधी बघितलाच नव्हता. लग्न मेमध्ये धरलं.

फक्त चट्ट्यांचं कुणी सांगितलं नव्हतं. लांब बाह्यांत सगळं झाकलेलं होतं. परत येताना जीपमध्ये मी म्हणाले, आत्ताच सांगून मोकळे होऊ. आई म्हणाली, "आदी बरा हू दे, मंग सांगायचं कामच न्हाई." मी म्हणाले, आई, हे जन्माचं आहे, बरं झालं तरी परत येतं. त्यावर आईनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. भाऊ मध्ये बसला होता, त्यानं कुणाचीच बाजू घेतली नाही. घरी उतरताना मला हळूच म्हणाला, "ताई, मेपर्यंत अंग साफ झालं तर मी तिला स्वतः सांगीन. साफ अंगानं सांगायचंय मला." 

म्हणून आम्ही नगरला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. भावाला कुणीतरी सांगितलं होतं की सोरायसिसवर जोरदार गोळ्या असतात, दोन-तीन महिन्यांत अंग मोकळं होतं. बाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी त्याचे चट्टे बघितले, नखं बघितली, सांधे दुखतात का विचारलं, आणि मग त्याला टेबलावर आडवा करून पोट दाबायला लागल्या. भाऊ म्हणाला, "मॅडम, चट्टे वर आहेत." त्या हसल्या. म्हणाल्या, "वरचे दिसले. आतलं बघते. तुम्ही मागताय त्या गोळ्यांचा भार लिव्हरवर येतो, ते तपासल्याशिवाय मी देत नसते. आणि सोरायसिसवाल्याचं लिव्हर मी तसंही बघतेच." रक्त दिलं, पोटाची सोनोग्राफी केली. सोनोग्राफीवाल्या माणसानं यंत्र फिरवता फिरवता सहज विचारलं, "किती वर्षं घेताय?" भाऊ पडल्या पडल्या म्हणाला, "काय?" "दारू हो."

तिथून हे सुरू झालं.

रिपोर्ट बघून बाईंनी आम्हाला समोर बसवलं. लिव्हरवर चरबी धरली होती, फॅटी लिव्हर. मी लगेच म्हणाले, "बाई, हा पीत नाही." त्या म्हणाल्या, "मला माहितीये. न पिणाऱ्यालाही होतं, आणि हल्ली तरण्या पोरांत पुष्कळ दिसतं." मग त्यांनी आम्हाला शाळेतल्या पोरांना सांगावं तसं सांगितलं. सोरायसिस नुसता कातडीचा रोग नाही. वर जी लाली दिसते तशीच धग आतही असते. त्यात बैठं काम, सुटलेलं पोट, गोडधोड, की लिव्हरवर चरबी साठत जाते. साठली की तीही आतली धग वाढवते, आणि कातडी पुन्हा पेटते. "दोघं एकमेकाला चेतवत बसतात," त्या म्हणाल्या. "सोरायसिसवाल्याला हे व्हायची भीती इतरांपेक्षा जास्त. घाबरू नका, या वयात मागं फिरवता येतं. पण त्या गोळ्या आत्ता नाहीत. चाला, वजन उतरवा, गोड बंद, तळलेलं बंद. मग बघू." कातडीला तेवढं मलम दिलं.

परतीच्या एसटीत भाऊ घोडेगाव येईपर्यंत बोटांवर महिने मोजत होता. मग म्हणाला, "म्हणजे मेपर्यंत नाही होत." मी म्हणाले, "होईल रे." माझा मलाच विश्वास नव्हता.

आता खरी गंमत ऐका. घरी गेल्यावर भावानं आईला काय सांगितलं, तर लिव्हरवर आलंय. संपलं! आमच्याकडं लिव्हर म्हटलं की दोनच गोष्टी. पिणारा असेल तर दारू, न पिणारा असेल तर कावीळ. आईला माहीत होतं पोरगं पीत नाही, म्हणजे उरली कावीळ. "तुज्या चुलत्याला झालती, रसावरच उटून बसला त्यो," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं कावीळीचं पथ्य सुरू केलं. तेल बंद, तिखट बंद. आमटीत हळदसुद्धा नाही, कारण पिवळ्यावर पिवळं नको. लाह्या, फुटाणे. पूर्ण आराम, चालणंबिलणं काही नाही. आणि सकाळ-संध्याकाळ तांब्याभर उसाचा रस.

उसाला आमच्याकडं काय तोटा? शेजारच्या वस्तीवर रसाचा चरक होता. आई सकाळी स्वतः तांब्या घेऊन जायची, समोर उभी राहून काढून घ्यायची, आलं-लिंबू टाकून पदराखाली झाकून आणायची. गावाला कळल्यावर गावही लागलं कामाला. कुणी दारात चांगल्या जातीची कांडी ठेवून जायचं, काट्यावरचे ड्रायव्हर उसाचे करवे सोलून डब्यात घालून द्यायचे. सगळ्यांना त्याच्याबद्दल माया. एरवी त्याच्या ग्लासातलं पाणी न पिणारेसुद्धा त्याला रस पाजायला पुढं!

तुम्ही म्हणाल, डॉक्टरनं गोड बंद सांगितलं होतं ना? होतं की. आणि त्यानं बंदही केलं होतं, अगदी इमानदारीत. पेढा नाही, जिलेबी नाही, कारखान्यात पूजेच्या दिवशी वाटलेला लाडू त्यानं खिशात घालून माझ्या पोरांना आणून दिला. पण रस म्हणजे गोड नव्हे. रस म्हणजे औषध. हे आमच्या हाडात इतकं भिनलंय की त्याला ते कुणी वेगळं सांगायची गरजच पडली नाही. मी लग्नसराईच्या ब्लाउजांत गळ्यापर्यंत बुडाले होते. अधूनमधून फोन करायची, तर आई म्हणायची, "झ्याक हाय. पथ्यावर हाय. रंग उजाळलाय."

फेब्रुवारी सरता सरता आम्ही पुन्हा नगरला गेलो. बाईंनी त्याला काट्यावर उभं केलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. दिवसभर दुसऱ्याची वजनं करणारा माझा भाऊ स्वतःच्या वजनाकडं बघून ओशाळला. सोनोग्राफीत चरबी आधीपेक्षा वाढलेली. चट्टेही वाढलेले, कानामागं नवीन.

"रोज काय खाता, सांगा बरं," बाई म्हणाल्या.

भावानं परीक्षेला बसल्यासारखं सांगितलं. तेल नाही, तिखट नाही, तळलेलं नाही, चहासुद्धा सोडला. "आणि रस."

"कसला रस?"

"उसाचा. सकाळी तांब्या, संध्याकाळी तांब्या."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी गोड बंद करा म्हणाले होते ना?"

"बंदच आहे मॅडम. चिमूटभर साखर नाही खाल्ली."

मी त्याच्याकडं बघितलं, बाईंनी माझ्याकडं बघितलं, आणि मला रडावं की हसावं कळेना. बाईंनी शांतपणे समजावलं की कावीळ वेगळी आणि ही चरबी वेगळी. "आणि कावीळीतसुद्धा रस म्हणजे काही औषध नाही. तुमच्या लिव्हरला जास्तीची साखर मिळाली की ते त्याची चरबीच करून ठेवतं. म्हणजे तुम्ही रोज दोन तांबे चरबी पीत होता." गोळ्यांचं नाव आता काढू नका म्हणाल्या. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येऊन लाईट घ्यायची. ट्यूबलाईटच्या पेटीत उघड्यानं उभं राहायचं, त्याचा लिव्हरला त्रास नाही. बाकी चालणं आणि वजन.

त्या दिवशी मी आईवर इतकी ओरडले की शेजारची बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. कुणी तुला डॉक्टर केलं म्हणाले, एक फोन करता येत नव्हता का म्हणाले. आई उठली. मोरीत जाऊन तो तांब्या घासायला बसली, घासलेलाच परत घासला. मग म्हणाली, "मी पाजला. माज्या हातानं पाजला गं."

भाऊ तिच्या शेजारी उकिडवा बसला. "आई, मला आवडायचा म्हणून मी प्यायचो. तू काय पाजतीस? मीच तर मागायचो संध्याकाळचा." तो काही मागत नव्हता. रस त्याला लहानपणापासून आवडत नाही, रसवंतीवर गेलो की तो सोडा घ्यायचा. हे आईलाही माहीत होतं. तिनं ओल्या हातानंच त्याचं डोकं जवळ घेतलं, केसांच्या कडेला चट्टे होते तिथं. माझा राग कुठं गेला कोण जाणे. मी आत जाऊन कांदा चिरायला घेतला, म्हणजे रडायला निमित्त झालं.

दुसऱ्या दिवसापासून आमची आई पार पालटली. आता तिनं चालण्याचं मनावर घेतलं. पहाट झाली की त्याला हलवून उठवायची आणि पाटाच्या कडेनं त्याच्या मागं मागं स्वतः चालायची, तो थांबला की मागून ढोसायची. बाजरीची भाकरी, मटकी, शेवगा, पातळ ताक. कारखान्याच्या कँटीनवाल्याला फोन करून तिनं दम भरला, "माज्या पोराला बिनसाखरंचा द्यायचा. न्हाईतर मी तितं यीन." कँटीनवाला अजून त्याला बघितलं की दचकतो. भाऊ लाईट घ्यायला नगरला जाऊन यायचा, मी त्याला विचारायची, "आलास का तंदूरमधून?" तो म्हणायचा, "अजून कच्चा आहे."

पण एव्हाना लिव्हर हा शब्द गावाबाहेर पडला होता. नेवाशातून नगर, नगरवरून जामखेड, आणि वाटेत कुठंतरी कावीळ गळून पडली असणार. कारण मार्चमध्ये मुलीच्या वडिलांचा मला फोन आला. "ताई, राग मानू नका, पर पाव्हणं पितेत म्हनं. लिव्हर गेलंय म्हनं. आमाला एकच लेकरू हाय."

आई घाबरून म्हणाली, कावीळ झालती म्हणून सांग, बरी झाली म्हण. भावानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "नको आई. आता जायचं आणि सगळं दाखवायचं." आणि मग माझ्याकडं बघून म्हणाला, "साफ अंगाची वाट बघत बसलो तर हे असंच होणार."

मी आणि तो, दोघंच गेलो. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत आम्ही खुर्च्यांवर, मुलीचे आईवडील समोर पलंगावर. मुलीनं चहा आणून ठेवला आणि दाराशी उभी राहिली. भावानं चहाला हात लावला नाही. आधी रिपोर्ट काढून मुलीच्या वडिलांपुढं धरले. मग दोन्ही बाह्यांची बटणं काढली आणि बाह्या दंडापर्यंत वर केल्या. लाईटनं चट्टे जरा फिके झाले होते, पण होते. मुलीच्या आईनं पदर तोंडाशी नेला. 

"मी दारू पीत नाही मामा," भाऊ म्हणाला. "मला सोरायसिस आहे, बारावीपासून. लिव्हरवर जी चरबी आहे तीही त्याच्यासोबतचीच. आत एक धग आहे, ती वर कातडीला दिसते आणि आत लिव्हरला भोवते. लिव्हरचं मी कमी करतोय, ते होईल. हे मात्र पुरतं जाणार नाही. कधी कमी, कधी जास्त, असं जन्मभर. शिवल्यानं कुणाला होत नाही. पोरांना होईल का, तर होऊ शकतं, होईलच असं नाही. हे बघायला आलो होतो तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. तुम्ही नाही म्हणालात तरी मी समजून घेईन."

इतकं बोलून त्यानं चहाचा कप उचलला, हाताला काहीतरी उद्योग पाहिजे म्हणून. तेवढ्यात दारातून मुलगी आली आणि त्याच्या हातातला कप काढून घेतला. मी तर डोळेच मिटले. वाटलं, संपलं, उठा आता.

"थांबा, यात साखर आहे," ती म्हणाली. "बिनसाखरेचा आणते."

ती आत गेली. मुलीचे वडील रिपोर्टात डोकं घालून बसले, मुलीची आई पायाच्या अंगठ्याकडं बघत. आतून स्टोव्हवर भांडं ठेवल्याचा आवाज आला. माझ्या भावाचे दोन्ही हात बाह्या वर केलेले तसेच मांडीवर होते.

चार-पाच दिवसांनी मी माहेरी असताना फोन आला, मुलीच्या आईचा. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मी स्पीकरवर टाकला. लग्नाला त्यांची ना नव्हती. मुलगी हलायलाच तयार नाही म्हणाल्या. "फकस्त एक करा ताई. हळद तेवढी येगळी येगळी करू. तुमची तुमी, आमची आमी."

मला क्षणभर कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा कानशिलं तापली. आमच्यात आधी नवऱ्याला हळद लागते आणि त्याच्या अंगाला लागून उरलेली, ती उष्टी हळद, वाटीत घालून नवरीकडं जाते. मग ती नवरीला लागते. ती त्यांना नको होती. माझ्या भावाच्या अंगाची हळद त्यांना त्यांच्या मुलीच्या अंगाला नको होती. मी तोंड उघडलं आणि भावानं माझ्या हातातला फोन घेतला. "चालेल मामी," तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं."

मी त्याच्यावर उसळले. तो म्हणाला, "आई आहे ती. आपल्या आईनं नाही का रस पाजला? तसंच हे." मग चपला घालून पाटाकडं चालायला गेला. मागून बघताना मला त्याची पाठ जरा निमुळती झालेली दिसली. एप्रिलमध्ये सोनोग्राफी झाली तेव्हा बाई म्हणाल्या, चरबी गेली नाही, पण चांगली उतरलीये. एरवी मी पेढे वाटले असते, पण घरात पेढ्यांना बंदी होती.

लग्न जामखेडच्या एका मंगल कार्यालयात होतं. आदल्या दिवशी दुपारीच दोन्हीकडची मंडळी उतरली. नवऱ्याची हळद पुढच्या हॉलमध्ये, नवरीची मागच्या खोल्यांत. भाऊ पाटावर बसला तो लांब बाह्यांचा पांढरा सदरा घालूनच. बायकांनी तोंडाला, हाताला, पावलांना हळद लावली. काही जणींनी नुसती बोटं टेकवली. आमच्या आईनं दोन्ही तळवे भरून लावली आणि त्या बायकांकडं असं बघितलं की पुढच्या दोघीतिघींनी निमूट हात भरून घेतले. मी वाटीत उरलेली हळद बघत उभी होते. नेहमी या वेळी करवली वाटी उचलते, वाजंत्री वाजते, पोरीबाळी मागं धावतात. इथं सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळं सगळे इकडंतिकडं बघत होते. भाऊही.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. नवरीचा फोन.

"ताई, हळद कुठंय? मी केव्हाची पाटावर बसलेय."

 "अगं, तुझ्या आईनं..."

"मला माहितीये. तुम्ही आणा."

मी वाटी उचलली. कुणाला काही सांगितलं नाही. हॉलमधून, स्वयंपाकाच्या पातेल्यांमधून, मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. दारातच मुलीची आई उभी होती. आत मुलगी पाटावर, कोरड्या तोंडानं, भोवती बायका हातावर हात ठेवून.

"ताई, आपलं बोलनं झालं हुतं ना?" मुलीची आई म्हणाली.

"आई, तुमचं झालं होतं," आतून मुलगी म्हणाली. "माझं नव्हतं झालं."

मुलीच्या आईचे डोळे भरले. "माझं एकच लेकरू हाय ओ ताई." तिला ऐकवायला माझ्याकडं खूप काही होतं. त्या फोनपासून मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते, एकेक वाक्य धार लावून ठेवलं होतं. पण तिनं दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली होती, आणि ते सगळं माझ्या तोंडातच विरघळून गेलं. मी म्हणाले, "आमचाही एकच आहे मामी."

 मग तिनं वाटी माझ्या हातातून घेतली. आत गेली, मुलीसमोर बसली. आधी एक बोट बुडवलं, बोटाकडं बघितलं, आणि मग सगळा हात बुडवला. मुलीच्या दोन्ही गालांना, कपाळाला, गळ्याला, दंडांना लावली. मुलगी रडत होती आणि हसत होती. लावून झाल्यावर मुलीची आई उठली, भरलेला हात तसाच घेऊन माझ्याकडं आली, आणि माझ्या गालाला हळद चोळली. "पोरास्नी सुखात ठेव म्हनावं देवाला," म्हणाली. मी तिच्या पाया पडले. हे मी ठरवलं नव्हतं.

परत हॉलमध्ये आले तेव्हा भाऊ पाटावरच होता. त्यानं माझ्या हातात वाटी नाही हे बघितलं, गाल बघितला.

"घेतली?"

"घेतली."

"कुणी लावली?"

"तिच्या आईनं."

त्यानं खाली बघितलं.  मग त्यानं सदऱ्याची बटणं काढायला घेतली, हळदीच्या बोटांनी ती नीट निघेनात, तर वरूनच ओढून सदरा काढला आणि बाजूला ठेवला. भर हॉलमध्ये, दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर. डॉक्टर सोडले तर दहा वर्षांत त्याला असं उघड्या अंगानं कुणी बघितलं नव्हतं, आम्हीसुद्धा नाही. फिके, लाल, जुने, नवे सगळे चट्टे दिव्याच्या उजेडात आले. कुठंतरी एक भांडं पडलं. तो म्हणाला, "पाठीला राहिलीय ताई. लाव."

परातीत अजून हळद होती. आई आधीच त्याच्या मागं येऊन बसली होती. एका बाजूनं तिनं आणि एका बाजूनं मी, न चोळता, हलक्या हातानं लावत गेलो. वेळ लागला. त्याची पाठ मोठी आहे.